श्रावणातली वाघबारस

ओमने पंकजासमोर मातीचा कुल्हड ठेवला. वर काजूचे काप आणि केशराच्या दोन काड्या होत्या. "वाघबारशीची खीर, मॅडम. तुमच्या लेखातली."

श्रावणातला शनिवार होता. वाघबारस यायला अजून दोन-अडीच महिने होते.

भंडारदऱ्याच्या पाण्याकाठचं ते नवंकोरं रिसॉर्ट. ओम तिथला मॅनेजर, आणि पंकजा गावोगावच्या खाण्यापिण्यावर, रीतिरिवाजांवर लिहून पोट भरणारी. एका वेबसाइटने तिला इथल्या 'लोकजीवन अनुभवा'वर लिहायला पाठवलं होतं. जेवणघराच्या भिंतीवर तिचाच दोन वर्षांपूर्वीचा मासिकातला लेख मोठा करून टांगला होता. तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि तिचं डोकं फिरलं.

"यात शेवटचा परिच्छेद नाही."

"मासिकात छापलंय तेवढं सगळं आहे," ओम म्हणाला. "स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही आम्ही."

ते खरंच होतं. तो परिच्छेद संपादकांनीच उडवला होता, ऐन वेळी मसाल्याची अर्ध्या पानाची जाहिरात आली म्हणून. शहरात वसुबारस असते त्या दिवशी इथले गुराखी रानाच्या कडेला वाघोबापुढे खीर शिजवतात, असं तिने त्यात लिहिलं होतं. घरोघरचं दूध त्या खिरीत जातं, डेअरीला त्या दिवशी थेंबही जात नाही. आणि हे वर्षातून एकदाच, कारण त्या दिवशी वाघ झालेल्या माणसाकडून शिवारात परत न येण्याची शपथ घ्यायची असते. छापून काय आलं, तर गूळ कधी घालायचा आणि जायफळ किती. तेव्हा तिनेही भांडण काढलं नव्हतं. पुढचं काम त्याच मासिकाकडून यायचं होतं.

बाहेर हलगी वाजली. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवलेला एक माणूस मंडपात रांगत आला. काठ्या घेतलेले तीन वेटर त्याच्या मागे धावले.

"आमच्या शिवारात परत येशील का?"

"न्हाई, न्हाई," वाघ म्हणाला.

"आमच्या गाईला शिवशील का?"

"न्हाई."

पाहुण्यांनी मोबाईल काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

आवाज पंकजाच्या ओळखीचा होता. तो छगन होता. त्याच्याच ओट्यावर बसून तिने ही सगळी माहिती लिहून घेतली होती. गावच्या बारशीला बावीस वर्षं तोच वाघ होत आला होता.

ती तडक स्वयंपाकघरामागे गेली. छगन बादलीशेजारी उकिडवा बसला होता. घामाने रंग ओघळत होता, पण तो धूत नव्हता. पुण्याची दुसरी बस अजून यायची होती.

"छगनकाका, तुम्ही? अहो, वर्षातून एकदाच, असं तुम्हीच सांगितलं होतंत मला."

"सांगितलं हुतं. तुमी लिवलं का?"

"लिहिलं होतं. त्यांनी छापलं नाही."

"आमाला काय ठावं, ताई. नाव तर तुमचं हाय."

तिला राग आला. संपादकाचा आला, ओमचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"पण यांना नाही म्हणायचं ना तुम्ही."

"म्हनलो की. तर हे संगमनेरवरनं नाचनारी मानसं आनाया निघाले. म्हनलं, त्यापरीस आपुन जावं. निदान शपत तरी नीट घेतली जाईल." त्याने दंडावरचा पट्टा अंगठ्याने पुसला. "परवा गावात बैठक झाली. औंदा बिबट्यानं दोन कालवडी नेल्या. त्यातली येक कडूबाईची. ती उठली आन् म्हनली, ह्यो दर शनवारी शपत घेतो, येनार न्हाई. आन् दर शनवारी येतो. ह्याची शपत वाघ कशाला मानील? समद्यांनी मान हलवली. औंदाच्या बारशीला वाघ दुसरा."

"मी येते गावात. सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी आहे."

"सांगा की. पन कडूबाई खोटं काय बोलली?"

फाटकाशी बस थांबली आणि ओमने हाक मारली. छगन उठला, गुडघे झाडले आणि मंडपाकडे गेला. पंकजा मागोमाग गेली.

पुन्हा हलगी वाजली. पुन्हा तो रांगत आला, वेटर काठ्या घेऊन धावले, आणि पुढच्या वेटरने पाठ केलेलं विचारलं, "आमच्या शिवारात परत येशील का?"

छगन उठून उभा राहिला. रंगवलेले हात त्याने मागे बांधले.

"येईन," तो म्हणाला. "पुढच्या शनवारी. हे बोलवतील तवा तवा येईन."

वेटरची काठी तशीच हवेत राहिली. पुढच्या प्रश्नाचं काय करावं ते त्याला कळेना. मग मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि टाळ्या सुरू झाल्या, मघापेक्षा कितीतरी जोरात.

ओम पंकजाच्या कानाशी वाकला. "हे आधी नव्हतं, मॅडम. भारी झालं ना? हे तेवढं लेखात घ्या."