भादरण्यापुरते केस

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी अकरा वाजता सव्वीस वर्षांचा सौरभ राणे अंधेरीच्या एका क्लिनिकमध्ये हेअर ट्रान्सप्लांटच्या खुर्चीवर बसला. फोटो पाहून तीन स्थळांनी नकार कळवल्यावर बाबांनीच हट्टाने हा दिवस ठरवला होता. मुलाला भरल्या डोक्याने बोहल्यावर उभं राहिलेलं त्यांना बघायचं होतं.

आधी डोकं पूर्ण भादरावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सौरभने बोरीवलीला घरी फोन लावला.

"बाप जिवंत असताना मुंडन?" आई ओरडली. "अजिबात नाही! ऊठ तिथून आणि घरी ये."

मागून बाबांचा आवाज आला, "अगो, सोड गो! मी गेल्यावर भादरूक तरी ह्येच्या डोक्यार केस नको काय?" आपल्याच विनोदावर ते खोकला येईपर्यंत हसले. मग आईलाही हसू आलं. "करा बाबा काय ते," म्हणत तिने फोन ठेवला.

"नवे केस कधीपर्यंत येतील?" सौरभने डॉक्टरांना विचारलं.

"पूर्ण भरायला वर्ष धरा. पुढच्या गणपतीत कुणी ओळखणार नाही तुम्हाला." डॉक्टरांनी ट्रिमर हातात घेतला. "करू ना सुरू?"



 

बाबांच्या डॉक्टरांनी शिमग्यापर्यंतचीच आशा दाखवली आहे, आणि घरात हे अजून फक्त सौरभला माहीत आहे.