ओरखडा

जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात संगीतसमीक्षक सर आले की दुकानदार स्वतः उठून खुर्ची पुढे करायचा. वीस वर्षांची ओळख होती. आज मात्र चोरांसाठी लावलेल्या आरशात त्याला भलतंच दिसलं. सरांनी दारालगतच्या खोक्यातली एक दुर्मिळ रेकॉर्ड कव्हरातून काढली, खिशातली किल्ली तिच्यावरून ओढली आणि वर अलगद फुंकरही मारली. दुकानदाराला त्या खुर्चीचीसुद्धा शिसारी आली. सर काउंटरवर आले. "ओरखडा आहे हो हिच्यावर. असल्या रत्नाची हेळसांड मला बघवत नाही! निम्म्या किमतीत देऊन टाका." दुकानदाराने रेकॉर्ड काढून कव्हर झटकलं. आतली चिठ्ठी काउंटरवर पडली: "सरांना, साठीनिमित्त सप्रेम भेट." "तुम्ही त्याच खोक्याला आधी हात घालता, म्हणून सकाळीच पुढे ठेवली होती," दुकानदार म्हणाला. सरांचा हात पाकिटावरच राहिला. "पैसे राहू द्या. घरी न्या आणि जन्मभर ओरखड्यासकट ऐका."