गुडघ्यातली रेघ

नवी मुलगी यंत्रासमोर बसली आणि पडद्यावरची रेघ गेली.

"ऊठ," सर म्हणाले. नवी उठली. "आता तू बस."

इतकी वर्षं हे यंत्र चालवणारी ती बसली. मोटर गुरगुरली, लेझरचा रंग केसाकेसाने सरकत गेला, काचेच्या नळीतला वायू विजेने जांभळा जळत राहिला, आणि पडद्यावर नेहमीच्या जागी नेहमीचा सुळका उभा राहिला. हीच ती वायूची रेघ. अख्ख्या जगात फक्त याच खोलीत दिसायची. बाकीच्या प्रयोगशाळांना दिसत नव्हती, कारण सरांच्या मते त्यांच्याकडे चिकाटी नव्हती.

तिचा आज इथला शेवटचा दिवस. खाली टेम्पोत कपाट, गाद्या आणि नवरा भरून तयार होते. दुसऱ्या गावच्या संस्थेने तिला विभागप्रमुख केलं होतं, तेही या रेघेपायीच. आता नवीला यंत्र दाखवायचं आणि सुटायचं, एवढंच उरलं होतं.

"पुन्हा तू," सर नवीला म्हणाले. नवीने आपली उंच, कोरी खुर्ची ओढली आणि बसली. पडदा इस्त्री केल्यासारखा सपाट.

"मॅडम, तुम्ही काय वेगळं करता?"

"काही नाही. बसते."

"मग तुला जाता येणार नाही," सर तिला म्हणाले. ही मस्करी नव्हती. सरांनी मस्करी एकदाच केली होती, आणि त्या वेळी तिचा प्रबंध दोन वर्षं लांबला होता. "मी त्यांना फोन करतो. समजून घेतील. यंत्राचा भाग असा कोणी उचलून नेतं का?"

ती परत आपल्या जुन्या खुर्चीवर बसली. तिचा दांडा कधीचाच खचला होता, त्यामुळे बसलं की गुडघे वर येऊन समोरच्या पेटीला टेकायचे. टक्. उजव्या गुडघ्यात वाजलं. पडद्यावर सुळका.

गुडघा कित्येक वर्षं असाच वाजायचा. डॉक्टरांनी फोटो काढला, त्यात गुडघाच निघाला. नवरा रोज तेल चोळायचा आणि म्हणायचा, "घरी कसा गप्प असतो हा? सरांनाच घाबरतो वाटतं."

मोटर परत फिरली. टक्. सुळका.

तिने पहिल्यांदाच खाली वाकून पाहिलं. मोटरच्या पेटीचा पत्रा एका बाजूने सुटला होता, स्क्रू ढिला. गुडघा टेकला की पत्रा आत दबायचा, चाकाचा एक वाकडा दाता त्याला चाटून जायचा आणि आतली वायर हलायची. तिने गुडघा बोटभर मागे घेतला. सुळका नाही. टेकवला. टक्. सुळका.

वायूचा काही संबंधच नव्हता. लेझरचाही नव्हता.

तिने पुन्हा करून पाहिलं. या वेळी पंपाच्या घरघरीतही तिला आपला प्रबंध, सगळे लेख आणि विभागप्रमुखपद एकदमच टक् वाजलेलं नीट ऐकू आलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं. त्या रेघेला सरांचं नाव द्यायचं घाटत होतं.

तिने तोंड उघडलं. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. तिने तोंड मिटलं.

"खुर्ची," ती म्हणाली. "हिची फार उंच आहे. माझ्या खुर्चीवर बसवा हिला."

"तेच म्हणतोय मी केव्हाचा," सर म्हणाले.

नवी खचलेल्या खुर्चीवर बसली. तिचे गुडघे वर आले, पेटीला टेकले. मोटर गुरगुरली. सुळका उभा राहिला आणि सरांनी कोंडलेला श्वास सोडला.

"बघितलंस? माणसं बदलतात. निसर्ग बदलत नाही." मग ते उदार झाले. "आठवण म्हणून काय हवं ते ने."

नव्या संस्थेत तिला हीच रेघ दाखवायची होती. तिथलं यंत्र नवं कोरं होतं, एकूण एक स्क्रू घट्ट असणार. तिने खणातून सगळ्यात लहान स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि पर्समध्ये टाकला.

"एवढंच?"

"एवढा पुरेल, सर."

ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून नवीचा आवाज आला.

"मॅडम, माझ्या गुडघ्यात काहीतरी टकटकतंय."

दाराच्या मुठीवरचा हात तसाच राहिला. सर पडद्याकडे बघत होते.

"तेल चोळत जा," ती म्हणाली.

"त्याने जातं?"

"नाही. सवय होते."