टेकडीवरचा पत्ता

“पुन्हा वाचा मास्तर,” सारजाबाई म्हणाली, “आन् दर्याचं जरा सावकाश वाचा.”

चंद्रभान मास्तरांनी चष्मा पुसला आणि सुग्रीवचं पत्र तिसऱ्यांदा हातात घेतलं. सारजाबाईचा हा एकुलता एक लेक निजामसरकारच्या वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, जनावरांचा डॉक्टर व्हायला विलायतेत, लिव्हरपूल नावाच्या बंदराच्या शहरात गेला होता. बैलाला औषध पाजायला सात समुद्र कशाला ओलांडावे लागतात, हे गावाला अजून उमगलं नव्हतं. शेजारची बायनाबाई तर म्हणायची, “तिथले बैल इंग्रजीत हंबरत असतील, ते शिकायला गेलाय.”

पत्रात लिहिलं होतं की राहत्या घराची मालकीण घर बंद करून खेड्यात निघाली आहे. महिन्याभरात दुसरी जागा धरायची आहे. दोन जागा पाहिल्या. एक बंदरावर, कॉलेजच्या अगदी जवळ. खिडकी उघडली की खाली जहाजं. दुसरी शहराच्या टोकाला, टेकडीवर. दारात सफरचंदाचं झाड, मालकीणबाई भली, पण कॉलेज लांब. ‘आई, तू सांगशील तिथं राहीन.’

पत्र आषाढात लिहिलेलं, आणि इथं दसऱ्याचं सारवण चाललेलं. लढाईपायी टपाल आफ्रिकेला वळसा घालून येत होतं. मास्तरांनी तारखेवर बोट ठेवलं आणि मनातल्या मनात महिने मोजले.

सारजाबाईनं एकच विचारलं, जर्मन लोक बॉम्ब कुठं टाकतात. गोदीवर, बंदरावर, असं मास्तरांना सांगावं लागलं.

येलदरीजवळच्या उतारावर पूर्णा नदीच्या पाण्यानं तिचा नवरा नेला, तेव्हा सुग्रीव रांगत होता. त्यानंतर पोराला तिनं घोटाभर ओढ्यातसुद्धा उतरू दिलं नव्हतं. तेव्हा उत्तर काय जायचं ते ठरल्यासारखंच होतं. पण देवाला न विचारता काही ठरवायची त्या घरात रीत नव्हती.

सकाळी मुंजाजी गुरवानं खंडोबाच्या ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवलं. कौल मनातच मागायचा असतो. उजवं कशाचं, डावं कशाचं, ते मागणाऱ्याला आणि देवाला ठाऊक.

उजवं फूल लगेच सुटलं.

“घ्या वैनी,” मुंजाजी म्हणाला, “एवढ्या झटक्यात देव कुनाला देत न्हाई.”

सारजाबाई उठली नाही. पुन्हा लाव म्हणाली. मुंजाजी हसला, देवाची परीक्षा घेता काय, म्हणाला, पण त्यानं लावलं. पुन्हा उजवंच सुटलं. मग ती उठली आणि तडक पायऱ्या उतरली. नारळ फोडायचा राहिला म्हणून मुंजाजीनं मागून हाक दिली. तिनं वळून पाहिलं नाही.

“टेकडीचं लिवा,” ती मास्तरांना म्हणाली.

“खंडोबानं टेकडी दिली?”

“लिवा म्हणलं ना मास्तर.”

पाडव्याच्या सुमाराला सुग्रीवचं पत्र आलं, टेकडीवरचा नवा पत्ता घेऊन. झाडाला अजून पान नाही, मालकीणबाई माझ्या नावाचं टपाल जपून ठेवतात, पहाटे जहाजाच्या भोंग्यानं जाग येते, मग समुद्रपाखरं खिडकीवर येऊन पावासाठी कलकलाट करतात.

सारजाबाई दचकली. “टेकडीवर भोंगा कसा आयकू येतोय?”

पहाटेचा आवाज लांब जातो, असं मास्तर म्हणाले. परभणीच्या जिनिंगचा भोंगा नाही का वारा असला की चार कोसांवर येत. ते तिला पटलं. त्याच दिवशी तिनं नव्या पत्त्यावर उत्तर धाडलं.

उन्हाळ्यात परभणीहून वर्तमानपत्र आलं. त्या शहरावर आठवडाभर रोज बॉम्ब पडत होते. त्यानंतर पत्र नाही. टपालवाला सटवाजी सारजाबाईचं घर टाळून वरच्या आळीनं जायला लागला. बायनाबाईनं थट्टा सोडली, आणि सारजाबाईला त्याचीच जास्त भीती वाटली.

पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगं रंगवणं चाललं असताना सटवाजी आला. त्यानं दिलं ते सारजाबाईचंच पाकीट होतं, पाडव्याला धाडलेलं. त्यावर लाल शाईत इंग्रजी ओळ मारलेली. मास्तरांनी पाकीट उजेडात धरून ती ओळ वाचली.

“त्या पत्त्यावरचं घर बॉम्बनं पडलंय. म्हणून पत्र परत.”

“आन् घरातली मानसं?”

“ते लिहिलेलं नाही.”

सारजाबाई रडली नाही. पाकीट तिनं मांडीवर सरळ करून ठेवलं.

“देवानं बंदरच दिलतं मास्तर. दोनदा. मीच खोटं बोलले. माज्या लेकराला मीच त्या टेकडीवर धाडलं.”

भावकी म्हणाली, पिठाचा पुतळा करून क्रिया उरकून टाकू. ती म्हणाली, थांबा. रोज सकाळी ती खंडोबाच्या पायरीवर जाऊन बसायची, पदरात कौलाच्या दिवशी न फोडलेला तोच नारळ. त्यातलं पाणी केव्हाच आटलं होतं. हलवला की आत खोबरं खुळखुळायचं. फोडायला तिचा हात उचलत नव्हता.

नवव्या दिवशी मास्तर धोतराचा सोगा धरून लगबगीनं आले. हातात पाकीट, वर सुग्रीवचं अक्षर.

“हे आदीचं आसंल,” ती म्हणाली. तिनं हातसुद्धा पुढं केला नाही.

मास्तरांनी तारीख पाहिली. बॉम्ब पडले त्यानंतर महिन्याभराची होती. ते तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि वाचू लागले.

‘आई, टेकडीवरचं घर पडलं. मालकीणबाई गेल्या. तुझं पत्र परत येईल आणि तू घाबरशील, म्हणून आता खरं सांगतो. माझ्या हाती महिना होता आणि तुझं उत्तर यायला पाच लागले. तोवर मी बंदरावर बिऱ्हाड केलं होतं. पाण्याला तू किती भितेस ते माहीत होतं, म्हणून पत्ता तेवढा टेकडीचा कळवला. रागावू नको. टेकडीवर राहत होतं ते फक्त माझं टपाल.’