जाळलेले झेंडे

दारावर थाप पडली तेव्हा झेंडा टेबलावर पसरलेला होता. आप्पांनी हातातली सुई तशीच कापडात सोडली, आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बायकोला डोळ्यांनीच खुणावलं. तिने बाहेरचं दार फटीपुरतं उघडलं.

वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू होता. घड्याळं दुरुस्त करायचा, एकटाच राहायचा.

"वहिनी, डांबराच्या गोळ्या असतील ना तुमच्याकडे? जिन्यात वास येतो म्हणून विचारलं."

तिने थोड्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. दार लावून ती आत आली.

"अहो, वास जिन्यापर्यंत जातोय."

आप्पांची सगळी नोकरी वस्तुसंग्रहालयात, जुनी कापडं जतन करण्यात गेली होती. राजवट बदलली, देशाचा झेंडा बदलला आणि जुने झेंडे जाळून टाका, असा हुकूम आला. आप्पांनी जाळले ते संग्रहालयातले जीर्ण पडदे. झेंडे एकेक करून कोटाच्या आतून घरी आले. देशाचा अगदी पहिला, हाताने शिवलेला. एक जहाजावरचा, खाऱ्या वाऱ्याने कडक झालेला. आता ते आतल्या खोलीत, काळ्या पडद्यांमागे, सुती कापडात गुंडाळून ठेवलेले होते. सापडले असते तर दोघांची रवानगी तुरुंगात.

घड्याळजी पुन्हा भेटला तो जिन्यात.

"आप्पा, लोकरीला कसर लागली तर काय करतात हो? आईची शाल आहे माझ्याकडे, जुनी."

"उन्हात घालू नका. घडीही नको, घडीवर कापड तुटतं. गुंडाळून ठेवा." आप्पा बोलून गेले आणि मग जीभ चावली.

"तुम्हाला बरं माहीत! वस्तुसंग्रहालयात होतात ना? जुने झेंडे तुमच्याच हाताखालून गेले असतील."

"जाळले ते. हुकूम होता."

"सगळे?"

"सगळे."

घड्याळजी बघतच राहिला. मग हसला आणि वर गेला.

त्यानंतर आप्पा जिन्यातल्या प्रत्येक पावलाकडे कान लावू लागले. प्रत्येक इमारतीत सरकारचा एक माणूस असतो, असं लोक कुजबुजत. घड्याळजीच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून कधी दिसत नव्हतं. मग हा खातो काय? आणि आईच्या शालीची एवढी काळजी कुठल्या पुरुषाला असते?

"त्याने आपलं नाव दिलं तर?" आप्पा म्हणाले.

बायकोने दाराची कडी नीट लागलीय ना ते पाहिलं. "त्याच्या आधी आपणच त्याचं दिलं तर?"

"काय म्हणून? त्याने केलंय काय?"

"जुना झेंडा लपवलाय म्हणून सांगायचं."

"अगं, धडधडीत खोटं?"

"खोटं म्हणूनच. झडती घेतील, काही मिळणार नाही, सोडून देतील. पण आपल्यावर बोट दाखवायला त्याला तोंड उरणार नाही. सूड घेतोय, असंच म्हणतील लोक. घाबरून घर बदललं तर आणखी बरं."

आप्पांना ते पटलं नाही. पण ते नाहीही म्हणाले नाहीत. सकाळी ती चपला घालून चौकीवर गेली, तेव्हा ते आतल्या खोलीत पाठ करून बसले होते.

दुपारी गाडी आली. बूट वर गेले. कपाटं सरकवल्याचे, खण उपडे केल्याचे आवाज छतातून येत राहिले. दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून होते.

"आत्ता सोडतील," ती म्हणाली. "काही नाहीच तर काय सापडणार?"

"त्याची घड्याळं फोडू नयेत म्हणजे झालं," आप्पा पुटपुटले. आपण त्याला संध्याकाळी चहाला बोलवावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग वरचे आवाज एकदम थांबले. बूट जिना उतरू लागले आणि त्यांच्या दाराशी येऊन थबकले. बायकोने दार उघडलं. घड्याळजीला दोन शिपायांनी दंडाला धरलं होतं. त्याने आप्पांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

अधिकाऱ्याच्या हातात लोकरीचा जुना झेंडा होता.

"बाई, तुमची खबर पक्की निघाली," तो म्हणाला. "गादीत शिवून ठेवला होता."