आईची वेळ

आठशे मीटरमध्ये प्रेमाची सगळ्यात चांगली वेळ होती दोन मिनिटं चौदा सेकंद. वर्षानुवर्षं घाम गाळूनही तिचं शरीर त्याच्या खाली कधी गेलं नाही. आज मुलुंडच्या मैदानात तिची लेक श्रुतिका धावली, आणि प्रेमाच्या हातातलं घड्याळ दोन-तेरावर थांबलं.

"किती गं आई?" श्रुतिका धापा टाकत गवतावर कोसळली.

प्रेमाने बटण दाबून आकडे पुसले. "दोन-पंधरा."

श्रुतिकाला रडू फुटलं. "जीव काढून धावले गं! याच्यापेक्षा जास्त नाही होणार माझ्याने. सोडते मी हे सगळं."

प्रेमाने तिला जवळ घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बरं."