निवडलेला आवाज

"आज झांज घरीच ठेवतो, नीळूभाऊ. नुसत्या टाळ्यांवर कीर्तन करू, पण तुम्ही या," केशवबुवा दारात उभे राहून म्हणाले.

नीळूभाऊंवर झालेल्या नव्या उपचारात कॅन्सरच्या पेशींना ठरावीक आवाज ऐकवून मरायला शिकवत. "ज्याच्यावाचून जगता येईल असाच आवाज निवडा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. देवाच्या नादानेच बरं व्हावं म्हणून नीळूभाऊंनी झांज निवडली. गाठ गेली; पण निरोगी पेशीही तोच धडा शिकल्या होत्या, आता झांज वाजली तर त्याही मरणार होत्या. कानात बोळे घालून भागत नव्हतं, सगळं अंगच ऐकत होतं.

"माझ्यापायी देवाला सुनं कीर्तन ऐकवता होय, बुवा? वाजवा खणखणीत!"

संध्याकाळी ते नदीपलीकडे जाऊन बसले. देवळातले दिवे तेवढे दिसत होते. नामाचा गजर सुरू झाला असेल असं वाटलं, तेव्हा त्यांनी एकट्यानेच टाळी धरली.